महाराजबागेत स्केचिंगला जाताय? या चुका टाळा

नागपूरच्या महाराजबाग प्राणिसंग्रहालयात स्केचबुक घेऊन येणारे बहुतेक जण आल्या आल्या बिबट्याच्या पिंजऱ्याकडे धावतात. मीही धावायचो. कान, डोळे, मिशा नीट काढून होईपर्यंत बिबट्यानं पाठ फिरवलेली असायची, आणि कागदावर उरायचं ते धड नसलेलं मांजर. बरीच वर्षं वाटायचं, आपला हात कच्चा आहे. हात कच्चा होताच, पण खरी गडबड क्रमाची होती.

आधी अजब बंगला, मग महाराजबाग. सिव्हिल लाइन्समधलं मध्यवर्ती संग्रहालय १८६३ सालचं, पण ऑटोवाल्याला हे नाव सांगितलं तर तो तुमच्याच तोंडाकडे बघत राहील. अजब बंगलाच म्हणा. तिथले पेंढा भरलेले प्राणी-पक्षी पाहून पोरं दोन मिनिटांत पुढे सरकतात; चित्र शिकणाऱ्यानं मात्र तिथे तासभर बसावं. प्राणी हलत नाही, सांधे मोजता येतात. मागच्या पायाचा जो मागे मुडपलेला सांधा आपण गुडघा समजून काढतो, ती असते टाच. गुडघा असतो वर, पोटाशी. एवढं एकदा डोळ्यात बसलं की चित्रातली निम्मी हरणं लंगडायची थांबतात.

मग बागेत या. भोसल्यांच्या काळातली ही बाग आता पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे. पिंजऱ्यातला प्राणी येरझाऱ्या घालतो, आणि त्याच कोपऱ्यात पुन्हा तसाच वळतो. म्हणून पानावर एकच मोठं चित्र सुरू करू नका. पाच-सहा लहान सुरू करा. तो हलला की हातातलं सोडून पुढचं घ्या, पुन्हा त्याच वळणावर आला की आधीच्यात भर घाला. पहिली रेघ कानामागून शेपटीपर्यंत पाठीची, मग वजन कोणत्या पायावर आहे ते, आणि चेहरा सगळ्यात शेवटी. जाळी तर काढूच नका. काढली की चित्र जाळीचं होतं, प्राणी मागे राहतो. दुपारी सगळे झोपलेले दिसले म्हणून हिरमुसून परतणारे पाहिले की हसू येतं. अहो, झोपलेल्या बिबट्याइतकं समजूतदार मॉडेल नागपुरात दुसरं मिळणार आहे का?

संग्रहालयातल्या चुका वेगळ्या. रंगाची पेटी आणि पाण्याचा डबा दारातच विसरा. एकदा एका संग्रहालयात मी गुपचूप वॉटरकलर काढला होता. पहारेकरी काका शेजारी येऊन उभे राहिले, "काय करून राहिले जी? सांडलं म्हणजे?" त्यांचं बरोबरच होतं. तेव्हापासून फक्त पेन्सिल नेतो, आणि आधी विचारून बसतो. काचेवर आपलाच पांढरा शर्ट दिसत असेल तर समोरून हटून तिरपे उभे राहा, पुढच्या वेळी गडद कपडे घाला. दगडी मूर्ती काढताना दागिने मोजत बसू नका. डोळे किलकिले करून आधी सावलीचे मोठे तुकडे भरा. भुवई, नाकाखालची आणि हनुवटीखालची सावली जागेवर पडली की चेहरा आपोआप वर येतो.

बाहेर बसायचं तर सकाळी सातच्या आत. झिरो माइलचा वाळूच्या दगडाचा खांब आणि त्याचे चार घोडे तेव्हा तिरप्या उन्हात छान सुटे दिसतात. दहा वाजता सगळं सपाट. तिथे हमखास होणारी चूक म्हणजे घोडे रंगात येऊन काढणं. ते फुगतात आणि खांब पानावर मावत नाही. खांबाची उंची आधी पानावर टिंबांनी बांधून घ्या. कस्तुरचंद पार्कातली छत्री, म्हणजे खांबांवरचा घुमटाचा मंडप, अनेक जण जवळ जाऊन काढतात, मग घुमट डोक्यावर टोपी ठेवल्यासारखा दिसतो. भरपूर मागे सरका. मैदान रिकामं आहे, त्याचा फायदा घ्या. विधानभवन, रिझर्व्ह बँक, सीताबर्डीचा किल्ला असे बंदोबस्ताचे भाग मात्र फाटकासमोर ठाण मांडून काढू नका. कुणी हटकलं तर वही दाखवा आणि वाद न घालता उठा.

आता रंग बिघडतात त्याचं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा आभाळाचा वॉश (पाणीदार रंगाचा सलग थर) खालपर्यंत उतरायच्या आधीच वर वाळतो आणि मधे करवतीसारखी कडा उमटते. लोक त्यावर पुन्हा ब्रश फिरवतात, मग तर चिखलच. वाळलेल्या कडेला हात लावू नका. कागद छोटा घ्या, ब्रश मोठा घ्या, कागदाची मागची बाजूही आधी ओली करा. पावसाळ्यात उलटं: वाळतच नाही, कागदाला पोक येतं. तीनशे जीएसएमपेक्षा (चौरस मीटरमागे ग्रॅममधलं वजन) पातळ कागद तेव्हा नेऊच नये. आणि बारा महिने, कागदावर थेट ऊन घेऊ नका. उन्हात प्रत्येक रंग उजळ दिसतो, आपण गडद करत जातो, आणि घरी ट्यूबलाइटखाली बघावं तर भरदुपारी काढलेलं चित्र अमावस्येचं वाटतं.

कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहे खायचे तर वही आधी पिशवीत टाका. माझ्या एका छत्रीच्या आभाळात तर्रीचा गोल नारिंगी डाग आहे. बघणारे त्याला सूर्य समजतात, मीही काही बोलत नाही.

सोमवारी निघू नका, अजब बंगला बंद असतो.