बल्ब घेताना खोक्यावर काय वाचायचं

येवल्यात मी वायरिंगची कामं करतो. त्यातली निम्मीअधिक पैठणी विणणाऱ्यांच्या घरची. तीनेक वर्षांपूर्वी अशाच एका घरी मागावर नऊ वॅटचा स्वस्तातला एलईडी लावून दिला. उजेड लख्ख पडला, सगळे खूश. त्या रात्री वहिनी विणायला बसल्या, हातातलं रेशीम संपलं म्हणून दुसरी लड घेतली. दिव्याखाली दोन्ही लाल अगदी सारखे. सकाळी दार उघडलं, मागावर ऊन आलं, तर कापडात बोटभर रुंद वेगळा पट्टा! एक लाल कुंकवाकडे झुकणारा, दुसरा विटेकडे. तेवढं सगळं उकलून परत विणावं लागलं.

“भाऊ, रात्री तर एकच दिसत होते हो,” वहिनी म्हणाल्या. आणि ते खरंच होतं. त्यांच्या नजरेत काही खोट नव्हती, दिवा मी चुकीचा निवडला होता. तेव्हापासून मी खोक्यावरचा प्रत्येक आकडा वाचतो आणि गिऱ्हाइकालाही वाचायला लावतो.

पहिली गोष्ट, वॅट म्हणजे उजेड नव्हे. वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो ते. जुना 60 वॅटचा पिवळा बल्ब जेमतेम 700 ल्युमेन उजेड द्यायचा, बाकी सगळी उष्णता. आजचा 9 वॅटचा एलईडी 800-900 ल्युमेन देतो. तेव्हा दुकानात “नऊ वॅटचा द्या” म्हणू नका, “ल्युमेन किती?” असं विचारा. ल्युमेनला वॅटने भागलं की दिवा विजेचं किती सोनं करतो ते कळतं. शंभराच्या आसपास आलं तर ठीक, सत्तर आलं तर ठेवून द्या.

पण ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड. तुमच्या कामावर किती पडतो ते लक्समध्ये मोजतात. एका चौरस मीटरवर एक ल्युमेन पडला की एक लक्स. भर दुपारच्या उन्हात लाखभर लक्स असतात, पौर्णिमेच्या चांदण्यात एक लक्ससुद्धा नसतो. वाचायला तीनशे ते पाचशे लागतात, बारीक बुट्टीच्या कामाला त्याहून जास्त. आणि इथेच बहुतेक घरांत गफलत होते. 900 ल्युमेनचा बल्ब छताला लावला, त्याचा उजेड साधारण खालच्या अर्ध्या गोलात पसरतो असं धरलं, तर दोन मीटर खाली पस्तीसेक लक्सच पोचतात. एक मीटरवर आणला तर एकशे चाळीस. अर्ध्या मीटरवर पावणेसहाशे! अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो. भिंती पांढऱ्या असतील तर त्यांच्यावरून परत येणारा थोडा उजेड वर मिळतो, तो वेगळा. म्हणून कुणी “अजून मोठा बल्ब लाव” म्हटलं की मी आधी वायर लांबवून दिवा खाली घेतो. वीज तेवढीच लागते.

मोबाइलवर लक्स मोजायची फुकट अ‍ॅप्स मिळतात. त्यांच्या आकड्यावर विसंबू नका, पण एकाच फोनने दोन जागा ताडून बघायला ती पुरेशी आहेत. फोन मात्र कापडाच्या जागी आडवा ठेवायचा, तोंड दिव्याकडे.

मग रंग. खोक्यावर 2700, 4000, 6500 आणि पुढे के असं लिहिलेलं असतं, तो केल्व्हिन, म्हणजे तापमानाचं माप. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आठवा. आधी लाल, मग पिवळं, तापेल तसं पांढरं. तीच चढण पुढे नेली की निळसर. त्यामुळे मोठा आकडा म्हणजे निळसर पांढरा, छोटा म्हणजे पिवळा. नावं नेमकी उलटी वाटतात, जास्त तापमानाच्या दिव्याला ‘कूल’ म्हणतात. देवघराला, झोपायच्या खोलीला मी 2700 देतो, कामाच्या जागी 4000.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहितोय, तो सीआरआय. रंग किती खरे दिसतात याचं हे माप, शंभरपैकी. केल्व्हिनचा याच्याशी संबंध नाही. 6500 चे दोन बल्ब शेजारी लावा, भिंत सारखीच पांढरी दिसेल आणि तरी एकाखाली राणी रंग मेलेला दिसेल. कारण पांढरा एलईडी मुळात निळा असतो, त्यावरच्या पिवळ्या लेपामुळे उजेड पांढरा होतो. लेप हलक्या प्रतीचा असला की गडद लाल फारसा तयारच होत नाही. आणि आपला डोळा हिरवट पिवळ्याला सर्वांत जास्त जागा असतो. ल्युमेन मोजतात ते डोळ्याच्या या हिशोबाने, त्यामुळे लाल कापला तर ल्युमेन उलट वाढवता येतात. जास्त स्टारचा दिवा रंगाला चांगला असेलच असं नाही, ते यामुळे. स्टार देताना बघतात ते वॅटमागे ल्युमेन.

शिवाय सीआरआयची नेहमीची सरासरी आठ फिक्या रंगांवर काढतात. गडद लालाचं माप वेगळं असतं, आर 9 नावाचं. दुकानदाराला ते विचारा. खोक्यावर बहुतेकदा नसतं, पण चांगल्या कंपनीच्या माहितीपत्रकात सापडतं. घरात सीआरआय 80 चालतो. कापड, दागिने, रंगकाम, शिवणकाम असेल तर 90 च्या खाली येऊ नका. जुन्या पिवळ्या बल्बचा सीआरआय जवळजवळ शंभर असायचा, पण त्याच्या उजेडात निळा फार कमी. त्याखाली जांभळा आणि काळा ओळखायला आजही फसाल.

त्या घरी आता 4000 केल्व्हिन, 90 च्या वरचा दिवा हातभर उंचीवर टांगलाय, डोळ्यात जाऊ नये म्हणून वर पत्र्याची टोपी. त्या दोन लडींचे वीतभर धागे मी वहिनींकडून मागून घेतले. पिशवीत टेस्टरशेजारीच असतात. दुकानात नवा बल्ब लावून बघताना ते जवळजवळ धरतो, आणि दोन्ही एकच दिसले तर तो बल्ब परत करतो.