लाटेकमधली मोकळी जागा

बडोद्यातल्या एखाद्या मराठी मंडळाची स्मरणिका लाटेक (LaTeX) या अक्षरजुळणीच्या संगणकप्रणालीत जुळवताना प्रथम हे लक्षात घ्यावे की, स्पेसबार एकदा दाबला काय किंवा दहादा दाबला काय, छापील पानावर एकच जागा सुटते. एकदा एंटर दाबल्यासही तेवढीच जागा मिळते आणि नवा परिच्छेद मात्र कोरी ओळ सोडल्यावरच सुरू होतो.

खरी गफलत पूर्णविरामाशी होते. मूळ मांडणीत पूर्णविरामानंतरची जागा वाक्य संपल्याचे समजून किंचित रुंद केली जाते, त्यामुळे ‘डॉ.’ किंवा ‘इ.स.’ यांच्यापुढे नको असलेली फट दिसते. तेथे स्पेसऐवजी ~ हे चिन्ह द्यावे. ‘सयाजीराव महाराज इ.स.~१८७५ मध्ये गादीवर आले’ असे लिहिल्यास फट नेहमीएवढीच राहते, शिवाय सनाचा आकडा एकटाच पुढच्या ओळीत जात नाही. माझ्या मते हे एक चिन्ह अंगवळणी पडले तरी निम्मे मुद्रितशोधन वाचते.

अक्षरी आज्ञेनंतरची (म्हणजे \LaTeX सारख्या, \ आणि अक्षरांनी बनलेल्या आज्ञेनंतरची) स्पेस लाटेक गिळून टाकते; ती हवी असल्यास आज्ञेला लागून {} लिहावे. आद्याक्षरांमध्ये अरुंद फट हवी असेल, तर \, वापरावे. गणिती सूत्रात टंकलेल्या स्पेसला अर्थच नसतो.