नंदा तळ्यावर पक्षी पाहायला जाताय? आधी सूर्य पाठीशी घ्या

कुडचड्याचे नंदा तळे २०२२ साली गोव्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले. झुआरीच्या उपनदीला लागून असलेली ही पाणथळ, आणि तीही शहराच्या अगदी कुशीत. पावसाळ्यानंतर पाणी सोडायची दारे बंद करून इथे पाणी साठवतात, त्यावर खालची भातशेती पिकते आणि पक्ष्यांचीही सोय होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

सकाळी पूर्वेच्या बाजूला, पश्चिमेकडे तोंड करून उभे राहा. उलट्या बाजूने पाहिलेत, तर प्रत्येक पक्षी नुसता काळा ठिपका दिसेल आणि मध्यम बगळा कुठला, छोटा कुठला, हे चोचीच्या रंगावरून ओळखताच येणार नाही.

दुर्बीण ८×४२ची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरते. पण ती लगेच डोळ्याला लावू नका. दहा-पंधरा मिनिटे हालचाल न करता थांबा, आधी कान द्या. बारीक शीळ आली की अडई या शीळ घालणाऱ्या बदकांचा थवा जवळ आहे असे समजा. मग तरंगत्या पानांवर नजर फिरवा: लांबच लांब बोटांनी पानांवरून चालणारा, पाठीवर काशासारखी झाक असलेला तो कमळपक्षी. पाण्यात अंग बुडवून फक्त मान वर काढून पोहतो तो पाणकावळा. त्याला बदक समजण्याची चूक नवख्यांकडून हमखास होते.

फोटोसाठी टाळ्या वाजवून थवा उडवू नका, कृपा करून. हिवाळी पाहुण्यांना परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी साठवायची असते. प्रत्येक विनाकारण भरारीत ती खर्च होते.