फ्रेंच गाडीसोबतचा जुना फोटो कधीचा, हे कसे ओळखावे

ठेवणीतले कपडे घालून नव्या गाडीला रेलून उभे असलेले कुटुंब, असे फोटो फ्रान्समध्ये १९३० ते १९६० च्या दशकांत भरपूर निघाले. पाठीमागे तारीख बहुधा नसतेच. ती गाडीवरून काढावी लागते.

आधी फोटो स्कॅन करा. मोबाईलने टिपलेल्या फोटोत चकाकीमुळे बारकावे पुसले जातात. ६ बाय ९ सेंटिमीटरची प्रिंट १२०० डीपीआयवर (दर इंचाला १२०० ठिपके) स्कॅन केली की सुमारे २८०० बाय ४२५० पिक्सेल मिळतात. नंबरप्लेट आणि बिजागऱ्या बघायला तेवढे पुरते.

मग फोटो आरशातल्यासारखा उलटा छापलेला नाही ना, ते नंबरप्लेटवरून पाहा. स्टिअरिंगवर विसंबू नका. फ्रान्समध्ये ते सहसा डावीकडे असते, पण दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या बुगाटीसारख्या महागड्या फ्रेंच गाड्यांना ते उजवीकडेच असे.

आता नंबरप्लेट. (मालक अभिमानाने नेमका तिच्यासमोरच उभा राहतो, त्यामुळे दिसतील तेवढी अक्षरे टिपून घ्या.) १९५० ते २००९ च्या पद्धतीत आकडे, अक्षरे आणि शेवटी जिल्ह्याचा क्रमांक येई, उदाहरणार्थ १९६८ पर्यंत ७५ म्हणजे पॅरिस आणि भोवतालचा सेन जिल्हा. ९२ किंवा ९३ दिसले की लगेच पॅरिसचे उपनगर समजू नका. उपनगरांना हे क्रमांक १९६८ मध्ये मिळाले. १९५० च्या दशकात ते तेव्हा फ्रेंच ताब्यात असलेल्या अल्जीरियातल्या ओराँ आणि काँस्टँटीनचे होते.

सगळ्यात जास्त माहिती गाडीच्या अंगावर असते. सिट्रोएन ट्रॅक्शन अव्हाँ १९३४ ते १९५७ पर्यंत बनली आणि लांबून सगळ्या सारख्याच दिसतात. वायपर काचेच्या वरच्या कडेला असतील तर गाडी १९५२ च्या मध्याआधीची. खाली असतील आणि डिकी फुगीर असेल तर नंतरची. सिट्रोएन २सीव्हीचे बॉनेट पन्हाळी पत्र्यासारखे दाट नळ्यांचे असेल तर ते १९६० अखेरपर्यंतचे, मोजक्या रुंद पट्ट्यांचे असेल तर त्यानंतरचे. पुढच्या दाराची बिजागरी मागच्या बाजूला असेल तर गाडी १९६४ अखेरपर्यंतची. रेनॉ ४सीव्हीच्या नाकावर सहा आडव्या पट्ट्या असतील तर ती सुरुवातीच्या वर्षांतली. १९५४ च्या मॉडेलपासून तीनच उरल्या.

इथे घोटाळा होतो तो सुट्या भागांमुळे. २सीव्हीचे बॉनेट सहज निघते, म्हणून जुन्या गाडीवर नवे बसवलेले अनेकदा आढळते. एका खुणेवर वर्ष ठरवू नका. बॉनेट, दार आणि नंबर एकमेकांशी जुळवून पाहा.

सगळ्यात नवी खूण फोटोची सर्वांत आधीची मर्यादा ठरवते: त्याआधी तो काढलेला असूच शकत नाही. सर्वांत नंतरची मर्यादा गाडी सांगत नाही, कारण लोक ती दहा-पंधरा वर्षे वापरत. त्यासाठी मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या गाड्या आणि बायकांच्या स्कर्टची लांबी बघा.

निष्कर्ष मागच्या बाजूला कडेने, २बी पेन्सिलने हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. वर्षासोबत कारणही लिहा: ‘१९५२ च्या मध्यानंतर, वायपर खाली’.