बीजगणितासाठी इंटरनेटवरची साधनं: कोणतं, कधी आणि कसं वापरावं

गोव्यात मराठी प्राथमिक शाळेत शिकलेल्या मुलाची बीजगणितातली अडचण जरा वेगळी असते. चौथीपर्यंत बेरीज-वजाबाकी, पाढे, अपूर्णांकांची ओळख हे सगळं मराठीत झालेलं असतं. पाचवीला हायस्कूलमध्ये गेलं की माध्यम इंग्रजी होतं. ती भाषा रुळते न रुळते तोच सहावी-सातवीत अंकांच्या जोडीला अक्षरं येऊन बसतात. मूल म्हणायला लागतं, "मला मॅथ्स जमत नाही." नेमकं काय जमत नाही, इंग्रजी वाक्य की गणित, हे मात्र कोणी तपासत नाही. घरचे ट्यूशन लावतात, नाहीतर मोबाईलवर चार ॲप टाकून मोकळे होतात.

बीजगणितासाठी इंटरनेटवर फुकट आणि खरोखर उत्तम साधनं आहेत. पण प्रत्येकाचं काम वेगळं आहे, आणि क्रम चुकला तर चांगलं साधनही वाया जातं. सहावी ते दहावीच्या मुलांसाठी, त्यांच्या पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी हा क्रम देत आहे. पुस्तकात जिथे एक्स आणि वाय दिसतात, तिथे या लेखात क्ष आणि य लिहिलं आहे.

पहिली पायरी: गाडी कुठे अडते ते कागदावर पाहा

मोबाईल बाजूला ठेवा आणि मुलाला ही पाच छोटी उदाहरणं वहीत करायला द्या: −३ − ५ किती? २(क्ष − ३) चा कंस सोडव. ३क्ष + २क्ष किती? ३क्ष + २ किती? क्ष/३ = ६ तर क्ष किती?

मूल नववीत असलं तरी हीच द्या. पहिल्याचं उत्तर २ किंवा ८ आलं, तर अडचण बीजगणिताची नाही, ऋण संख्यांची आहे. दुसऱ्यात २क्ष − ३ आलं, तर कंसाबाहेरच्या संख्येने आतल्या दोन्ही पदांना गुणायचं असतं हे पक्कं झालेलं नाही. चौथ्याचं उत्तर ५क्ष लिहिलं, तर क्ष म्हणजे एक संख्या आहे हेच डोक्यात शिरलेलं नाही. तिथून पुढचं सगळं पाठांतर आहे. पाचव्यात २ आलं, तर भागाकार उलटवायला गुणाकार लागतो हे सुटलंय.

मग एक शाब्दिक उदाहरण इंग्रजीतून द्या आणि दोन-तीन दिवसांनी तेच, आकडे बदलून, मराठीतून सांगा. मराठीत सुटलं आणि इंग्रजीत अडलं, तर औषध वेगळं आहे. ते दुसऱ्या पायरीत येतं.

दुसरी पायरी: दोन पुस्तकं शेजारी-शेजारी उघडा

गोवा बोर्डाच्या शाळांत गणिताला एनसीईआरटीची पुस्तकं असतात. ती एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात, पण मराठीत नाहीत. इथे शेजारच्या राज्याचा उपयोग करून घ्यायचा. बालभारतीची पुस्तकंही ई-बालभारतीवर फुकट उतरवून घेता येतात, आणि एकच पुस्तक मराठी व इंग्रजी अशा दोन्ही माध्यमांत मिळतं. प्रकरणं तीच, उदाहरणं तीच. नववी-दहावीत 'गणित भाग १' म्हणजे बीजगणित आणि 'भाग २' म्हणजे भूमिती, त्यामुळे हवं ते शोधायला वेळ लागत नाही.

दोन्ही पुस्तकांतलं एकच प्रकरण उघडा, समजा दोन चलांतील रेषीय समीकरणं. आधी मराठी परिच्छेद वाचा, मग लगेच इंग्रजीतला तोच परिच्छेद. चल म्हणजे व्हेरिएबल, सहगुणक म्हणजे कोइफिशन्ट, बहुपदी म्हणजे पॉलिनोमियल, अवयव म्हणजे फॅक्टर, अशी एक यादी मुलाने स्वतःच्या हाताने वहीच्या मागच्या पानावर करावी. तयार यादी छापून भिंतीला लावून काही होत नाही. शब्द वाक्यात भेटला की तो राहतो.

पण सांभाळा, दोन्ही अभ्यासक्रम सारखे नाहीत. बालभारतीच्या नववीत संच आहेत, दहावीत निश्चयक आणि क्रेमरची पद्धत आहे, जीएसटीचं अर्थनियोजन आहे. एनसीईआरटीच्या नववी-दहावीत हे येत नाही. युट्यूबवरचे मराठी व्हिडिओ बहुतेक महाराष्ट्र बोर्डासाठी केलेले असतात. समजावून सांगण्यात त्यातले काही फार छान आहेत, पण पाहायच्या आधी धड्याचं नाव आपल्या पुस्तकाच्या अनुक्रमणिकेशी जुळवून घ्या. नाहीतर परीक्षेच्या तोंडावर मूल क्रेमरची पद्धत घोटत बसेल.

तिसरी पायरी: तराजू डोळ्यांनी पाहू द्या

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

आपल्याकडे समीकरण शिकवताना "पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं" असं सांगून टाकतात. २क्ष + ६ = १४ मध्ये ६ पलीकडे गेला, −६ झाला, २क्ष = ८ आलं. इथवर ठीक. मग बरीच मुलं तोच नियम पुढे चालवतात: २ पलीकडे नेला, −२ झाला, क्ष = ६. मुलाने नियम मोडलेला नाही, सांगितला तसाच पाळलाय! दोष नियमाचा आहे.

याला फेट हे उत्तम उत्तर आहे. नोबेलविजेते पदार्थवैज्ञानिक कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. विज्ञान आणि गणिताची हलती, हाताळता येणारी सिम्युलेशन्स तिथे फुकट आहेत, लॉगिन लागत नाही, आणि अनेकांचं मराठी रूपही मिळतं. त्यातलं 'इक्वॅलिटी एक्सप्लोरर' उघडा. पडद्यावर तराजू येतो. सुरुवातीच्या भागात फळं आहेत. ती पारड्यांत टाकून मुलाला दहा-पंधरा मिनिटं मनसोक्त खेळू द्या. मग 'ऑपरेशन्स' या भागात जा. डाव्या पारड्यात दोन क्ष आणि सहा एक, उजव्यात चौदा एक टाका; क्षची किंमत ४ करून घेतली की तराजू समतोल येतो. आता दोन्ही बाजूंतून ६ वजा करायची क्रिया निवडा. दोन्ही पारड्यांतून सहा-सहा जातात, तराजू समतोल राहतो. उरतात दोन क्ष आणि आठ एक. मुलाला विचारा, "आता काय करशील?" समोर एका पारड्यात दोन क्ष आणि दुसऱ्यात आठ दिसत असताना कोणी २ वजा करत नाही. दोघांत वाटून देतं. 'दोन्ही बाजूंना २ ने भागणे' ही क्रिया तिथेच असते, ती निवडायची.

प्रत्येक क्रियेनंतर पडद्यावरची ओळ वहीत उतरवायची, बाजूला काय केलं ते लिहायचं. हे टाळू नका. वहीत न उतरलेला तराजू परीक्षेत आठवत नाही.

फेटवरच 'एरिया मॉडेल अल्जिब्रा' आहे. (क्ष + ३)(क्ष + २) हा आयत चार तुकड्यांत दिसतो: क्ष वर्ग, २क्ष, ३क्ष आणि ६. ज्यांना (अ + ब) चा वर्ग म्हणजे अ वर्ग + ब वर्ग वाटतो, त्यांना हा आयत एकदा दाखवा. दोन्ही बाजू अ + ब घेतल्या की अब चे दोन तुकडे उरलेले स्वच्छ दिसतात, आणि २अब कुठून आलं ते वेगळं सांगावं लागत नाही.

चौथी पायरी: समीकरणाची रेषा हलवून पाहा

आलेखासाठी दोन साधनं मोठी आहेत. जिओजेब्रा मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियात साल्झबुर्ग विद्यापीठात सुरू केलं. बीजगणित आणि भूमिती दोन्हीला चालतं. डेस्मॉस २०११ चं आहे, मुख्यतः आलेखासाठी आणि छोट्या पडद्यावर जास्त सुटसुटीत. घरी मोबाईलवर डेस्मॉस, शाळेत संगणकावर जिओजेब्रा असं मी सुचवेन.

एनसीईआरटीच्या नववीच्या जुन्या पुस्तकात वर्षानुवर्षं एक उदाहरण होतं: टॅक्सीचं भाडं पहिल्या किलोमीटरला ८ रुपये, आणि त्यानंतरच्या अंतराला दर किलोमीटरला ५ रुपये. अंतर क्ष, भाडं य. समीकरण मांडा. गोव्यात टॅक्सीच्या भाड्यावर सगळ्यांचंच मत असतं, त्यामुळे हे उदाहरण घरात चर्चेला घ्यायला सोपं. ८ रुपयांत आता कोणी दारही उघडणार नाही, तेव्हा पुढे आकडे बदलून घ्या.

बहुतेक मुलं य = ८ + ५क्ष लिहितात. 'त्यानंतरच्या' हा शब्द इंग्रजीत वाचताना सुटलेला असतो. बरोबर मांडणी य = ८ + ५(क्ष − १), म्हणजे य = ५क्ष + ३.

डेस्मॉसमध्ये आकड्यांच्या जागी अक्षरं घाला: य = अ + ब(क्ष − १). टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं: ए, बी, एक्स, वाय. डेस्मॉस लगेच ए आणि बी साठी स्लायडर, म्हणजे आकडा कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या, हवेत का विचारतं, हो म्हणा. अ ला ८ आणि ब ला ५ करा. आता ब हळूहळू वाढवा. रेषा उभी होत जाते, पण क्ष = १, य = ८ हा बिंदू जागचा हलत नाही, रेषा त्याच्याभोवती फिरते. का? कारण पुढचा दर काहीही असो, पहिल्या किलोमीटरचं भाडं ठरलेलं आहे. मग अ हलवा, सगळी रेषा वर-खाली सरकते, चढ तोच राहतो. शेवटी विचारा: अ = ८, ब = ५ असताना रेषा उभ्या अक्षाला ३ वर छेदते, मग बसल्या जागी ३ रुपये द्यायचे का? हे समीकरण पहिला किलोमीटर झाल्यावरच लागू होतं, त्याआधी नाही, हे मुलाला स्वतःच्या तोंडाने सांगता आलं, तर रेषीय समीकरण खरोखर कळलं.

स्लायडर हलवण्याआधी "आता काय होईल?" असं प्रत्येक वेळी विचारा आणि उत्तर आल्यावरच बोट लावू द्या. हा एवढा नियम पाळला नाही, तर तो मोबाईलचा खेळ होतो.

पाचवी पायरी: सराव

यासाठी खान अकॅडमी पुरेशी आहे. भारतातल्या इयत्तांनुसार धडे लावलेले आहेत, खातं फुकट, भाषा बदलण्याची सोय आहे. नववीच्या मुलाचं सातवीत अडत असेल, तर सातवीचा धडा उघडा. कोणाला सांगायची गरज नाही. व्हिडिओ नुसता पाहणं म्हणजे सराव नाही. आधी प्रश्न सोडवायला घ्या, अडलं तर 'हिंट' घ्या, आणि तरीही कळलं नाही तरच व्हिडिओ. रोज वीस मिनिटं, पेन हातात.

एनसीईआरटीच्या पुस्तकांत धड्याशेजारी क्यूआर कोड असतो, तो दीक्षा ॲपने स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य उघडतं. दर्जा सगळीकडे सारखा नाही, पण धडा नेमका तोच असतो ही मोठी सोय.

सहावी पायरी: उत्तर सांगणाऱ्या ॲपना शेवटची जागा

फोटोमॅथसारख्या ॲपला वहीतलं समीकरण दाखवलं की ते पायऱ्यांसकट सोडवून देतं. एआय चॅटबॉटही देतात. बंदी घालून उपयोग नाही, मुलं वापरणारच. वापर कसा, ते ठरवून द्या: आधी स्वतः पूर्ण सोडवायचं, मग आपली एक-एक ओळ त्याच्याशी ताडून पाहायची. चॅटबॉटला मराठीत लिहा: "हे माझं उत्तर. कितव्या ओळीत चूक आहे तेवढंच सांग, पुढचं सोडवू नकोस." हे चॅटबॉट आत्मविश्वासाने चुकतातही. म्हणून आलेली किंमत मूळ समीकरणात घालून दोन्ही बाजू समान येतात का ते पाहण्याची सवय लावा. त्याला इंटरनेटही लागत नाही.

रेंज नसेल तर

सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या वाड्यांवर रेंज येते-जाते, आणि पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. म्हणून रेंज असलेल्या ठिकाणी गेलात की पुस्तकांच्या पीडीएफ उतरवून ठेवा. फेटची सिम्युलेशन्स फाइल म्हणून उतरवता येतात आणि ब्राउझरमध्ये इंटरनेटशिवाय चालतात. डेस्मॉस आणि जिओजेब्राची ॲप एकदा टाकली की ऑफलाइन चालतात. दीक्षातलं साहित्यही ॲपमध्ये साठवता येतं. पक्की रेंज खान अकॅडमीला लागते, ते काम त्याप्रमाणे मागे-पुढे करा.

शिक्षकांसाठी थोडं

वर्गात एकच प्रोजेक्टर असला तरी चालतं. तराजू पडद्यावर, मुलांच्या हातात वह्या, आणि पुढची क्रिया कोणती ते प्रत्येकाने आधी लिहायचं; मगच एकाने येऊन ती करायची. संगणक कक्ष मिळत असेल तर जिओजेब्रा क्लासरूम वापरून पाहा. शिक्षकांनी कोड द्यायचा, मुलं कोड आणि नाव टाकून आत येतात, आणि प्रत्येकाचं काम तुमच्या पडद्यावर चालू असताना दिसतं. चौथीपर्यंत मराठीत शिकलेली मुलं वर्गात असतील, तर शाब्दिक उदाहरण आधी मराठीत किंवा कोंकणीत मोठ्याने सांगायला लावा, समीकरण मांडायचं ते त्यानंतर. या एका कृतीला दोन मिनिटं लागतात, आणि कोण भाषेत अडलंय, कोण गणितात, हे तिथल्या तिथे कळतं.