जुनं घर दुरुस्त करून विकताय? हत्यारांच्या खर्चात या चुका टाळा

कोपरखैरण्यातलं सिडकोचं जुनं घर घ्यायचं, लादी-प्लंबिंग बदलून विकायचं, असा आमचा धंदा. पहिल्या वर्षी भिंती फोडायचं ब्रेकर मशीन १८,००० ला घेतलं आणि आयकराच्या हिशेबात सगळी रक्कम खर्चात टाकली. सीएने वही पाहून कपाळाला हात लावला.

मशीन म्हणजे खर्च नव्हे, मालमत्ता. त्यावर वर्षाला १५ टक्के घसारा, म्हणजे मशीनच्या घटत्या किमतीपोटी नफ्यातून वजावट, मिळतो, म्हणजे पहिल्या वर्षी २,७०० रुपये. ब्लेड, ड्रिल बिट, ब्रश, पॉलिश पेपर मात्र कामात संपतात, त्यांची रक्कम त्याच वर्षी पूर्ण वजा होते. एकाच बिलावर असतील तर दुकानदाराला वेगवेगळ्या ओळी करायला सांगा.

मग तारीख. मशीन घेतलं त्या आर्थिक वर्षात ते १८० दिवसांपेक्षा कमी वापरात असेल तर त्या वर्षीचा घसारा निम्मा. ३१ मार्चपासून मागे मोजलं की ३ ऑक्टोबर येतो, तोवर मशीन कामाला लागलेलं हवं. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता. त्या दिवशी पूजा करून लगेच कामाला लावलेल्या मशीनवर पूर्ण १५ टक्के. दिवाळीच्या ऑफरपर्यंत थांबलेल्याला साडेसात. आणि दिवस मोजायचे ते वापर सुरू केल्यापासून, बिलाच्या तारखेपासून नव्हे. खोक्यात पडून राहिलेल्या मशीनवर काहीच नाही.

सगळ्यात महाग पडते ती रोख. एका दिवसात एकाच दुकानदाराला १०,००० पेक्षा जास्त रोख दिली, तर ती रक्कम मशीनच्या किमतीत धरत नाहीत, घसाराही गेला. आमच्या ओळखीचा दुकानदार म्हणाला, "दोन बिलं फाडतो, नऊ-नऊ हजारांची." त्याने काही साधत नाही, कारण दिवसाची बेरीज बघतात. सरळ यूपीआय करा.

खर्चाचा हिशेब न दाखवता विक्रीच्या सहा किंवा आठ टक्के नफा धरून रिटर्न भरत असाल, तर घसारा त्यातच आला असं मानतात. वेगळा मागू नका. वर मशीनची कागदावरची किंमत दरवर्षी घटतच जाते.

धंदा नसून आयुष्यात एकच घर विकत असाल, तर गोष्ट वेगळी. तिथे घर विकून झालेल्या भांडवली नफ्यावर कर लागतो. लादी, ओटा, मिस्त्रीची मजुरी सुधारणेच्या खर्चात जाते आणि त्या नफ्यातून वजा होते, पक्की बिलं असतील तर. ड्रिल मशीन घराला चिकटत नाही, तुमच्याच माळ्यावर राहतं. ते त्यात धरू नका.