हिरडा बियांपासून कसा वाढवावा: कोल्हापूरच्या माळासाठी आणि बांधासाठी

हिरड्याचं बी उगवत नाही असं म्हणून लोक गुलमोहर नाहीतर सुबाभूळ लावून मोकळे होतात. बी उगवतं. आठळी, म्हणजे गराच्या आतली, पोटात बी असलेली कठीण कोय, फोडायची पद्धत चुकते, आणि दोष झाडाला लागतो. या लेखात म्हणूनच सगळ्यात जास्त जागा आठळीला दिली आहे. खड्डा काढणं, खत घालणं, बुंध्याला आधार देणं हे ज्याला येतं त्याला पुन्हा शिकवण्यात अर्थ नाही.

पन्हाळ्याकडे किंवा गगनबावड्याला घर बांधणारे बरेच जण स्प्रूस, देवदार अशी सुईसारख्या पानांची झाडं शोधत असतात. हिमालयातला स्प्रूस दोन हजार मीटरच्या वर, जिथं हिवाळ्यात बर्फ पडतो तिथं वाढतो. कोल्हापुरात त्याच्यावर पैसे घालू नका. इथल्या जांभ्यावर, इथल्या वाऱ्यात आणि पावसात तग धरणारं, घेरदार सावली देणारं आणि शंभर कामांना येणारं झाड हवं असेल तर हिरडा लावा. कोल्हापुरी चपलेचं कातडं कमवायला हिरडा आणि बाभळीची साल लागते. त्या चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण हिरड्याची लागवड करणारे हात अजून मोजकेच आहेत.

झाड ओळखा, मग बी गोळा करा

हिरडा, बेहडा, ऐन, किंजळ आणि अर्जुन ही एकाच कुळातली झाडं. बी गोळा करताना गल्लत होते ती मुख्यतः बेहड्याशी. बेहड्याची पानं फांदीच्या टोकाशी झुबक्यानं येतात, देठ लांब असतो आणि फळ गोलसर, करड्या मखमली सालीचं असतं. हिरड्याचं पान लंबगोल. पानाचा देठ जिथं पात्याला मिळतो तिथं बोट फिरवा, दोन बारीक गाठी हाताला लागतात. फळ कच्चं असताना हिरवं-पिवळं, गुळगुळीत असतं आणि वाळलं की त्यावर पाच धारा उठून दिसतात. पानं फेब्रुवारी-मार्चमध्ये झडतात, एप्रिल-मेमध्ये नवी पालवी आणि फिक्या पिवळसर फुलांचे तुरे येतात. फुलांना उग्र वास असतो, म्हणून घराच्या खिडकीला लागून हे झाड लावू नका.

झाडाच्या गरजा थोड्या आहेत, पण त्यात तडजोड चालत नाही. निचरा हवा आणि मोठेपणी पूर्ण ऊन हवं. जांभा, मुरूम, दगडगोटे सगळं चालतं. गगनबावड्याचा पाच हजार मिलिमीटरच्या पुढचा पाऊस आणि शिरोळकडचा पाचशेच्या आसपासचा पाऊस यांच्यामधल्या पट्ट्यात, म्हणजे पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, करवीरच्या डोंगराकडच्या बाजूला हिरडा सुखानं वाढतो. पंचगंगेच्या पुराचं पाणी जिथं आठवडाभर बसतं तिथं नको. शिरोळ-हातकणंगल्याच्या काळ्या रानात लावायचाच असेल तर दोन फूट उंचीचा भराव करून त्यावर लावा. पाणी धरणाऱ्या खड्ड्यात त्याची मुळं कुजतात.

बी कुठलं घ्यायचं

काष्ठौषधीच्या दुकानातला हिरडा पेरू नका. तिथला बाळहिरडा म्हणजे बी भरण्याआधीच काढून वाळवलेलं कोवळं फळ. त्यात उगवायला काही नसतंच. मोठा सुरवारी हिरडा किती वर्षं पोत्यात पडून आहे ते दुकानदारालाही सांगता येत नाही.

जानेवारी ते मार्चमध्ये झाडाखाली आपोआप गळलेली, पिवळसर-तपकिरी झालेली फळं घ्या. गळून चार-आठ दिवस झालेली चालतील, गेल्या वर्षीची काळी पडलेली नकोत. झाड मालकीच्या जागेतलं असावं. वनखात्याच्या हद्दीतली फळं परवानगीशिवाय उचलायची नाहीत, अभयारण्यात तर मुळीच नाही. एकाच झाडाखालून पोतं भरण्यापेक्षा चार-पाच झाडांखालून थोडी थोडी फळं घ्या.

फळं उन्हात वाळवा. गर कडक झाला की लाकडी मोगरीनं हलक्या हातानं ठोकून सोलून काढा. टाकू नका, रंगाला आणि कातड्याला तोच गर लागतो. उरलेल्या आठळ्या पाण्यात घाला. तरंगतात त्या बहुतेक पोकळ, त्या काढून टाका. पण बुडाल्या त्या सगळ्या चांगल्या असं समजू नका. जाड कवचाच्या वजनानं रिकामी आठळीही बुडते, आणि किडीनं पोखरलेलीही. म्हणून प्रत्येक ढिगातल्या दहा आठळ्या आडव्या कापून बघा. मधल्या बारीक पोकळीत पांढरं, घट्ट, ओलसर बी दिसायला हवं. दहापैकी पाचांत ते नसेल तर तो ढीग सोडा आणि दुसऱ्या झाडाकडे जा.

आठळी: इथंच सगळं बिघडतं

कापलेली आठळी नीट पाहा. कवच दगडासारखं, कित्येक मिलिमीटर जाड. कवचातच चिकट द्रवाचे बारीक कप्पे असतात. मधल्या नळीसारख्या पोकळीत एकच सडपातळ बी, आणि त्याची दोन्ही दलं एकमेकांभोवती विडीच्या पानासारखी गुंडाळलेली. पाणी त्या बियापर्यंत पोचायला एरवी एक-दोन पावसाळे लागतात, तोवर कीड आणि बुरशी आपलं काम उरकून घेतात. आपल्याला फक्त पाण्याला वाट करून द्यायची आहे, तीही बियाला न दुखवता.

आता जे करू नये ते आधी. उकळतं पाणी ओतण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. तो बाभळीसारख्या पातळ टरफलाच्या बियांचा आहे. हिरड्याचं कवच शाबूत असेल तर गरम पाणी आत जात नाही, आणि चीर असेल तर बी शिजतं. दोन्हीकडून नुकसान. आम्लात बुडवण्याच्या भानगडीत घरी कुणी पडू नये. इतक्या जाड कवचाला ते पुरतही नाही, आणि हात-डोळे मात्र धोक्यात येतात. हातोडी तर अजिबात नको. कवच उभं तडकतं आणि आतलं बी त्याच फटक्यात चेचतं. वरून आठळी चांगली दिसते, पेरल्यावर आठवड्यात कुजलेला वास येतो.

काम करायचं ते करवतीच्या बारीक दात्याच्या पात्यानं, म्हणजे लोखंड कापायच्या हॅक्सॉनं, आणि कानशीनं. आठळी कोरडी असू द्या, ओली निसटते. व्हाईसमध्ये किंवा पकडीत आडवी धरा. एक टोक निमुळतं असतं, एक रुंद. कापायचं ते रुंद टोक. एका घावात कापायचं नाही. दीड-दोन मिलिमीटरची चकती काढा, थांबा, बघा. पुन्हा तितकीच चकती काढा. मध्यभागी टाचणीच्या डोक्याएवढा गडद ठिपका दिसू लागला की करवत खाली ठेवा. तो पोकळीचा माथा. तिथून पुढं फक्त कानस, दोन-तीन वेळा हलकेच, तपकिरी पापुद्रा दिसेपर्यंत. पांढरं दिसलं तर बियाला लागलं. ती आठळी बाजूला काढा, पेरून पिशवी अडवू नका.

घाईत शंभर कापण्यापेक्षा नीट वीस कापलेल्या बऱ्या. पहिल्या दहा-पंधरा वाया जातात, तेवढ्या जास्तीच्या धरूनच बसा. किलोला साधारण दीडशे ते दोनशे आठळ्या बसतात, त्यामुळे मालाची टंचाई नसते.

कापलेल्या आठळ्या साध्या थंड पाण्यात 36 तास भिजवा. पाणी दर बारा तासांनी बदला; पाणी पिवळं-तपकिरी होतं ते टॅनिन या तुरट द्रव्यामुळे, घाबरू नका. त्यानंतर त्या सुकू द्यायच्या नाहीत, त्याच दिवशी पेरायच्या.

शंभर-दोनशे रोपं लागणारच असतील आणि कापायला हात नसतील, तर दुसरा मार्ग आहे: ताजी फळं गरासकट ओलसर ढिगात पोत्याखाली कुजवायची, दोन-तीन आठवडे ढीग ओला ठेवून खालीवर करायचा, मग गर धुऊन पेरायचं. उगवण कमी आणि मागेपुढे होते. घरगुती लागवडीला कापणंच बरं.

पेरणी मार्च-एप्रिलमध्येच

पेरणी जूनमध्ये नको. मार्च-एप्रिलची ऊब उगवणीला हवी असते, आणि उघड्या टोकाची आठळी जूनच्या सततच्या ओलीत बुरशीनं जाते. पिशवी उंच घ्या, निदान बारा इंच, कारण मूळ सरळ खाली धावतं. ट्रेमध्ये उगवून नंतर हलवण्याचा खटाटोप करू नका, त्यात मूळ मोडतं. तांबडी माती दोन भाग, वाळू एक भाग, चांगलं कुजलेलं शेणखत एक भाग. मिश्रणाच्या दर घमेल्याला मूठभर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवर घालणारी उपयोगी बुरशी) मिसळलेलं शेणखत घातलं तर रोपांची मर कमी होते. आठळी आडवी, दोन सेंटीमीटर खोल, एका पिशवीत दोन. वर उसाच्या पाचटाचा पातळ थर द्या आणि अर्धी सावली करा. पाणी झारीनं रोज, पण बोटभर खालची माती ओली लागली की त्या दिवशी थांबा. उंदीर आणि खारी आठळ्या उकरतात, वरून जाळी हवीच.

तिसऱ्या आठवड्यापासून कोंब दिसू लागतात आणि महिना-दीड महिना येत राहतात. निम्म्या उगवल्या तरी काम उत्तम झालं. दोन्ही उगवल्या तर कमजोर रोप कात्रीनं कापा, उपटू नका.

पिशव्या महिन्यातून एकदा उचलून जागा बदला. नाहीतर मूळ पिशवी फोडून जमिनीत घुसतं, आणि लावणीच्या दिवशी ते तुटलं की रोप मान टाकतं.

लावणी आणि पहिली दोन वर्षं

त्याच पावसाळ्यात लावायची घाई करू नका. रोप एक वर्ष पिशवीत वाढू द्या आणि पुढच्या जूनमध्ये, दोन चांगले पाऊस झाल्यावर लावा. खड्डा दीड फूट लांब-रुंद-खोल, दोन झाडांत आठ ते दहा मीटर. बांधावर लावताना सावली कुणाच्या उसावर पडेल ते आधी बघा. ओढ्याची किंवा रस्त्याची बाजू उत्तम.

पहिले दोन उन्हाळे आठवड्याला एक बादली पाणी आणि बुंध्याभोवती पाचट, पण खोडाला न टेकवता. गुरं आणि शेळ्या शेंडा खातात, राधानगरी-दाजीपूरकडे गवेही येतात, त्यामुळे काटेरी कुंपण लावणीच्या दिवशीच करा. डोंगरउतारावर डिसेंबर संपायच्या आत रोपाभोवती दोन मीटर गवत काढून टाका. मोठा हिरडा वणव्यातून पुन्हा फुटतो, रोपाचं तसं नाही. आणि फेब्रुवारीत वणवे सुरू होतात.

पानांवर गाठी येतात, अळ्या पानं खातात. त्यावर औषध मारू नका, झाड त्याला पुरून उरतं. वाढ सावकाश असते. बियांच्या झाडाला फळ धरायला दहा वर्षं तरी धरून चाला. लवकर फळ हवं असेल तर रोपवाटिकेतलं कलम घ्या.

शेवटची एक गोष्ट, कारण यामुळे जिवंत रोपं उपटली जातात. फेब्रुवारी-मार्चमध्ये रोप पूर्ण निष्पर्ण होऊन वाळकी काडी दिसतं. काढून टाकण्याआधी बुंध्याजवळची साल नखानं जराशी खरवडा. आत हिरवं असेल तर बादली चालू ठेवा, एप्रिलअखेर पालवी येते.